कालव्याला पाच तारे, ट्यूबला शून्य

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. फ्रान्समधल्या निव्हर्ने कालव्याच्या काठचा सायकलमार्ग, ओसेर ते दसीझ: पाचपैकी पाच तारे. त्या कालव्याला पाणी पुरवणाऱ्या पाटाच्या कडेची जंगलातली वाट: पाचाच्या वर देता येत नाहीत म्हणून पाच. ज्यांच्याकडून आम्ही ग्रॅव्हल सायकली भाड्याने घेतल्या आणि जे रोज आमच्या बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवायचे, त्या मंडळींना अडीच, त्यातले दोन बॅगांचे. नाव लिहीत नाही. माझ्या तक्रारीची त्यांनी दखल घेतली, बारा युरोंची का होईना.

मी इंदूरचा, वय बासष्ट. पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक नर्मदेच्या पाइपलाइनवर. १९७८ साली जलूदहून नर्मदेचं पाणी पहिल्यांदा इंदुरात आलं तेव्हा मी शाळेत होतो, आणि आजीने नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. पुढे त्याच पाण्याच्या पंपांचे आवाज ऐकत नोकरी झाली. सायकल मात्र रिटायर झाल्यावरची. ती मेहुण्याने लावली. त्याचं सियागंजात बेअरिंग-नटबोल्टचं दुकान आहे, आणि दुकान उघडायच्या आधी त्याला रोज काहीतरी फिरतं पाहिजे असतं. रविवारी पहाटे आम्ही खंडवा रोडने सिमरोलपर्यंत जातो, कधी रालामंडलच्या बाजूला. जाताना ठीक. परत येताना ट्रक उठलेले असतात. मागून हॉर्न वाजला की मी अजूनही सायकलवरून उतरून कडेला उभा राहतो आणि मेहुणा मला हसतो.

त्यानेच एक दिवस फोन पुढे केला. "भाऊजी, हे बघा. एकशे चौऱ्याहत्तर किलोमीटर, आणि एकही गाडी नाही."

"एकही गाडी नाही असा रस्ता कोण कशाला बांधेल?" मी म्हटलं.

या प्रश्नाचं उत्तर मला तिथे जाऊन मिळालं, आणि ते सायकलवाल्यांच्या माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. गाड्यांसाठी तो रस्ता बांधलेलाच नाही. आधी पाण्याची वाट बांधली, तिच्या काठाने माणसं आणि जनावरं दोर लावून नावा ओढत. नावा इंजिनवर गेल्या, काठ मोकळा राहिला. त्यावर बारीक खडी पसरून दाबली की झाला सायकलमार्ग. पर्यटन खात्याला चढउतार आखावा लागला नाही, तो पाणी आखून गेलं होतं.

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून ओसेरची गाडी मिळते. लिहितात ऑक्सेरसारखं, म्हणतात ओसेर; तिकीटखिडकीवर माझ्या उच्चाराने दोन मिनिटं कुणालाच काही कळलं नाही. या प्रादेशिक गाड्यांत सायकल फुकट नेता येते, डब्यात टांगायला हुक असतात. आमच्या सायकली मात्र ओसेरलाच घ्यायच्या होत्या. दिवसाला चाळीस युरो भाडं, बॅगांचे वेगळे.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय ते थोडक्यात, कारण मलाही आधी माहीत नव्हतं. हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, आमचे चाळीस मिलिमीटरचे. पुढे शॉकअप नाही. हवा कमी ठेवायची, म्हणजे खडीचा दणका टायरच गिळतो. गिअर इतके हलके की चढावर माणूस बसल्या बसल्या पायी चालल्याच्या वेगाने का होईना वर जातो. टायर ट्यूबलेस, आत पांढरा चिकासारखा सीलंट. काटा घुसला की चीक बाहेर येतो, सुकतो, भोक बंद. दुकानातल्या पोराने हे सगळं समजावलं, वर सीटखालच्या पिशवीत एक जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायचे दोन चिमटे दिले. मेहुण्याने पिशवी उघडून पाहिली नाही. सियागंजातला माणूस, माल न तपासता उचलला, हे तो अजून स्वतःला माफ करत नाही.

पहिला दिवस सुखाचा. ओसेरचं मोठं कॅथेड्रल मागे टाकलं की योन नदीच्या काठाने दक्षिणेला निघायचं. कालवा आणि नदी इथे एकमेकींना सोडत-धरत जातात, कुठे नदीच कालवा, कुठे बाजूने खोदलेला वेगळा. रस्ता काही ठिकाणी चक्क डांबरी, पुढे खडीचा. डावीकडे पाणी, उजवीकडे पांढऱ्या शारोले गाई, मधे अक्रोडाची झाडं. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा होता, खाली अक्रोड पडलेले. मेरी-स्युर-योन गावाजवळ सोस्वाचे उभे पांढरे कडे नदीवर येतात. त्यांवर पोरं दोऱ्या लावून लटकली होती. मेहुणा म्हणाला, आपण बरे आहोत. तेवढ्यात एक निळा खंड्या पाण्याला समांतर सरळ रेघ मारून गेला. आपल्या सिरपूर तलावावर दिसतो तोच लहान खंड्या, जात तीच, त्याला व्हिसा लागत नाही. आम्ही व्हिसासाठी मुंबईच्या दोन चकरा केल्या होत्या.

ट्यूबची गोष्ट दुसऱ्या दिवसाची.

शातेल-सांस्वार गाव सोडून तासभर झाला असेल. सप्टेंबरात तिथले लोक शेताच्या कुंपणाच्या झुडपांची छाटणी करतात. ट्रॅक्टरला लांब हात लावून झुडूप सपासप कापतात, काटेरी तुकडे वाटेवर उडतात. माझ्या मागच्या चाकातून सुस्कारा ऐकू आला. मेहुणा म्हणाला, फिरवत राहा, चीक बंद करेल. फिरवलं. चीक आलाच नाही. वाकून पाहिलं तर भोकाच्या तोंडाशी नुसती पांढरी कोरडी पापडी. सीलंट काही महिन्यांनी आत सुकतं आणि पुन्हा भरावं लागतं, हे मला नंतर कळलं. भाड्याने देणाऱ्याला आधी कळायला हवं होतं.

मग पिशवीतली ट्यूब काढली. मेहुण्याने ती हातात घेतली, वॉल, म्हणजे हवा भरायची नळी, पाहिला, आणि काहीच बोलला नाही. एरवी तो गप्प राहणारा माणूस नाही. त्याने वॉल रिमच्या भोकाला लावून दाखवला. सायकलींच्या वॉलच्या दोन जाती: एक बारीक, टोकाला स्क्रूवाली, दुसरी मोटारगाडीला असते तशी जाड. रिमचं भोक बारीकचं, ट्यूब जाडीची. घासून भोक मोठं करायला आमच्याकडे काय कानस होती?

"भाऊजी," तो म्हणाला, "सियागंजात मी असा माल दिला असता ना, गिऱ्हाईकाने दुकानात येऊन ट्यूब माझ्या गळ्यात घातली असती."

फोन लावला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. यंत्रावरच्या बाईने फ्रेंचमध्ये काहीतरी गोड सांगितलं, त्यातलं 'दोन वाजता' एवढं कळलं. फ्रान्सच्या खेड्यात बारा ते दोन ही वेळ आपल्याकडच्या ग्रहणासारखी आहे, कोणी काही करत नाही, फक्त इथे सगळे जेवत असतात.

सायकल ढकलत दीड किलोमीटरवरच्या लॉकपर्यंत गेलो. लॉक म्हणजे कालव्यातली पाण्याची पायरी. वरचा दरवाजा, खालचा दरवाजा, मधे हौद. नाव हौदात घ्यायची, दरवाजे बंद, हौद भरायचा किंवा रिकामा करायचा, पुढचा दरवाजा उघडायचा. निव्हर्नेवरचे बरेच लॉक अजून हाताने चालतात. लोखंडी दांडा फिरवून झडपा वर घ्यायच्या, मग दरवाजाची लांब लाकडी तुळई पाठीने ढकलायची. आम्ही पोचलो तेव्हा लॉकवाला घरात जेवत होता, आणि लॉकच्या खाली एक डच जोडपं त्यांच्या भाड्याच्या बोटीत त्याचं जेवण संपायची वाट पाहत बसलं होतं. त्यांची बोट अडकलेली जेवणाने, आम्ही अडकलेलो वॉलने. बोटीच्या छपरावर दोन सायकली बांधलेल्या.

मेहुण्याला इंग्रजी फार येत नाही, पण त्याने जाड वॉलची ट्यूब उंच धरून दाखवली. डच गृहस्थ हसायला लागले. खाली केबिनमध्ये गेले आणि बारीक वॉलची, योग्य मापाची ट्यूब घेऊन आले. पैसे घेईनात. मग मेहुण्याने बॅगेतून लवंग शेवेची थैली काढली. शेव बघून त्यांची बायको बाहेर आली. एक वाजता लॉकवाला तोंड पुसत आला तेव्हा आमचं चाक बसलेलं होतं आणि डच बाई पाणी पीत होत्या. तिखट लागली होती. थैली परत दिली नाही पण.

दुकानाचा फोन सव्वादोनला लागला. त्यांनी म्हटलं, टॅक्सी करायची होती. मी म्हटलं, कुठल्या रस्त्यावर? तुम्हीच तर लिहिलंय, इथे गाड्या येत नाहीत. पलीकडे थोडं थांबून आवाज आला, की ट्यूबचे बारा युरो कापून घेऊ. बारा युरोंचा उगम हा.

संध्याकाळी क्लाम्सीला पोचलो. हे गाव लाकडाचं. एकेकाळी मोर्व्हांच्या डोंगरातली जंगलं पॅरिसच्या चुली आणि शेकोट्या पेटवत असत. ओढ्यांच्या पाण्यात ओंडके सुटे सोडून द्यायचे, प्रत्येकाच्या कापलेल्या टोकावर व्यापाऱ्याची खूण हातोड्याने ठोकलेली. क्लाम्सीला ते अडवायचे, खुणेप्रमाणे वेगळे करायचे, बांधून लांबच लांब तराफे करायचे आणि योनवरून थेट पॅरिसला हाकायचे. याची सुरुवात १५४९ साली झ्यां रूव्हे नावाच्या माणसाने केली असं मानतात. कालव्याचं मूळही हेच लाकूड. १७८४ मध्ये काम सुरू झालं ते डोंगरापलीकडचं लाकूड पॅरिसला आणायला. पुढे बेत वाढला, त्याचा सेन आणि ल्वार या दोन नद्यांना जोडणारा कालवा झाला, आणि १८४० च्या दशकात कुठे तो पुरा झाला. मधे राज्यक्रांती झाली, नेपोलियन येऊन गेला. आमच्या खात्यातली काही कामं आठवून मला या कालव्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

क्लाम्सी रोमां रोलां यांचं जन्मगाव, हे मला तिथे म्युझियमच्या पाटीवर वाचेपर्यंत माहीत नव्हतं. १८६६ चा जन्म, १९१५ चं साहित्याचं नोबेल, आणि रामकृष्ण, विवेकानंद, गांधीजी या तिघांची चरित्रं लिहिणारे. १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी गोलमेज परिषदेहून परतताना स्वित्झर्लंडमध्ये त्यांना भेटायला थांबले होते. मेहुण्याने पाटीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्यावर माझ्या बायकोचं एकच उत्तर आलं: जेवलात का?

जेवणाचं सांगतो, कारण सगळे हेच विचारतात. मी अंडं खातो, मेहुणा तेही नाही. खेड्यातल्या खाणावळीत दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सात नंतर मिळतं, मधे काही नाही. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही पाववाला बंद. बकरीच्या दुधाचं चीज, टोमॅटो, उकडलेले बटाटे आणि लांब पाव, यावर सात दिवस निघाले. त्या बटाट्यांना मेहुण्याने घरून आणलेलं जीरावन लावलं. छप्पन दुकानवरच्या पोह्यांची आठवण नको तेवढी आली, पण बटाटा खाली उतरला. पाववालीने वास घेऊन विचारलं हे काय. सांगता आलं नाही. जिरं, धणे, हिंग, आमचूर, सुंठ, काळं मीठ, आणि बाकी काय ते मलाही नक्की माहीत नाही.

पाण्याची सोय मात्र उत्तम, फक्त ती कुठे असते ते माहीत पाहिजे. स्मशानात. फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक गावच्या कबरस्तानात, फाटकाच्या आत, थडग्यांवरच्या फुलझाडांना पाणी घालायला नळ असतो, आणि सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी नाही ना तेवढं बघायचं. पहिल्या वेळी मेहुणा फाटकाबाहेर उभा राहिला. "भाऊजी, स्मशानातलं पाणी?" मी चौतीस वर्षं पाण्याचे नमुने तपासायला पाठवले आहेत, चाखून, वास घेऊन सांगितलं, क्लोरीन आहे, पी. तिसऱ्या दिवसापासून तोच पुढे जाऊन चर्चचा मनोरा हुडकायचा, की मनोऱ्याजवळ कबरस्तान असेल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. चौथा दिवस, योनचा पाट.

कालवा डोंगर ओलांडतो तिथे एक अडचण असते, जी बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कालव्याचं पाणी नदीसारखं वाहत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी अडवलेलं उभं पाणी असतं. माथ्यावरच्या तुकड्यातून एक नाव पार गेली की दोन्ही बाजूंच्या लॉकमधून एकेक हौद पाणी खाली जातं आणि परत येत नाही. माथ्यावर नदी नाही, मग ते भरायचं कुठून? बाय आणि व्हो या दोन तलावांचं पाणी पुरत नव्हतं. म्हणून इंजिनिअरांनी मोर्व्हांच्या डोंगरातून, योन नदी जिथे पुरेशी उंचावर आहे तिथून, पंचवीस किलोमीटरचा एक अरुंद पाट काढला. डोंगराच्या अंगावर कंटूर, म्हणजे एकाच उंचीची रेघ, धरून, वळणावळणाने, कुठे ओढा आला की त्यावरून पूल टाकून, कमीत कमी उतार देत. पंप नाही, मोटर नाही. फ्रेंच त्याला रिगोल म्हणतात. मी त्याला पाटच म्हणणार.

आमच्या सिमरोल घाटाच्या माथ्यावर हाच प्रकार आहे. उत्तरेला पडलेला पाऊस शिप्रा-चंबळ करत गंगेला जातो, दक्षिणेला पडलेला चोरल नदीत पडून नर्मदेला. २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी तो माथा ओलांडून शिप्रेत सोडलं, ते पंपांनी चढवून. विंध्याची भिंतच अशी उभी आहे की पाट काढायला जागा नाही, हे मला कळतं. तरी माणसाला हेवा वाटतो.

सकाळी कोर्बिन्यीहून गावरस्त्याने पानसिएरच्या धरणाकडे गेलो. हा भाग चढाचा, आणि खरं सांगायचं तर वाहनमुक्त नाही. मी मोजल्या: दोन ट्रॅक्टर, एक टपालाची पिवळी व्हॅन, एक पाववाल्याची व्हॅन. पाववाल्याने हात केला. धरण १९३७ मध्ये सुरू होऊन युद्धात रखडून १९४९ मध्ये झालं. उंची ४९ मीटर, भिंत एकसलग नाही, कमानींची रांग. सुमारे ८ कोटी घनमीटर पाणी. पॅरिसला पुरात सांभाळायला आणि उन्हाळ्यात सेन आटू नये म्हणून दोनशेहून जास्त किलोमीटर वर डोंगरात बांधलेलं. मेहुणा गिअर वाजतोय म्हणून चेन पुसत बसला, मी कमानी मोजत उभा राहिलो.

धरणाच्या खालून पाट निघतो. तीनेक मीटर रुंद पाणी असेल, इतकं शांत की आधी वाटलं थांबलेलंच आहे. मी एक सुकलेलं बीचचं पान टाकलं आणि सायकल हातात धरून त्याच्याबरोबर चाललो. पान माझ्यापेक्षा किंचित हळू. एका मोठ्या दगडापाशी ते गोल फिरलं, सुटलं, पुन्हा लागलं चालायला. हा उतार डोळ्याला दिसत नाही, डम्पी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, लावल्याशिवाय सांगता येणार नाही की पाणी कुठल्या बाजूला जातंय. १८४० च्या आसपासच्या माणसांनी साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन, याच झाडांमधून, पंचवीस किलोमीटर हे साधलं. नोकरीत माझ्या हाताखाली एकदा चार किलोमीटरच्या गुरुत्ववाहिनीत लेव्हल चुकली होती आणि आम्हाला वर्षभर तोंड लपवावं लागलं होतं. कोणाची चूक ते सांगत नाही.

पाटाच्या कडेची वाट मातीची. दोन चाकोऱ्या, मधे गवत, ओक आणि बीचची मुळं आडवी. इथे ग्रॅव्हल सायकलची किंमत कळते. रेसिंग सायकल मुळांवर आपटली असती, जाड डोंगरी सायकल जड गेली असती. पेडल मारलं की निघतो, थांबवलं की बराच वेळ तसाच जात राहतो, कारण चढही नाही आणि उतारही नाही. वाटेत पायी फिरणारे तीन म्हातारे आणि एक कुत्रं, बस. गाडी येऊच शकत नाही, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर. मी अर्ध्या तासाने लक्षात घेतलं की मागे वळून बघायची सवय गेली होती.

मधे जंगल बदलतं. ओक-बीच संपून डग्लस फरची लागवड लागते. सरळ खांबांसारख्या रांगा, खाली काही उगवत नाही, पक्ष्यांचा आवाज बंद, उजेड हिरवट-काळा. मोर्व्हांत जुनी पानझडी जंगलं तोडून ही झाडं लावली, त्यावर स्थानिक लोकांत बरीच भांडणं आहेत. वाटेवर कापलेल्या ओंडक्यांचे ढीग, टोकांवर रंगाचे आकडे फवारलेले. क्लाम्सीच्या हातोड्याच्या खुणांची मला आठवण झाली. आता ओंडके पाण्यातून नाही, ट्रकने जातात, आणि ते ट्रक पाटापासून लांबच्या रस्त्याने.

मोंत्रयों गावाजवळ पाट योनची दरी ओलांडतो. १५२ मीटर लांब, ३३ मीटर उंच दगडी पूल, आणि वरून रस्ता नाही, पाणी जातं. आम्ही गावात उतरून खालून पाहिला. कमानींच्या सांध्यांतून कुठे ओल दिसते का ते मी बघत होतो, सवय. मेहुणा म्हणाला, "लिकेज सापडलं का?" एका ठिकाणी शेवाळ होतं. एवढ्या वर्षांनंतर एवढं चालतं.

एक सावधानता. शरदात शिकारीचा हंगाम सुरू होतो. रविवारी जंगलात 'शिकार चालू आहे' अशी पाटी दिसली तर शहाणपणा करू नका, दुसरीकडून जा, किंवा भडक रंगाचं जाकीट घाला. आम्ही मुद्दाम आठवड्यातल्या मधल्या दिवशी गेलो. आणि गवतात बसल्यावर संध्याकाळी पायांवर गोचीड तपासा, त्यांच्याने लाइमचा आजार होतो. मेहुण्याच्या पोटरीवर एक निघाला, औषधाच्या दुकानातल्या बाईने चिमट्याने काढून दिला, पैसे घेतले नाहीत.

परतीला सार्दीची सोळा लॉकची शिडी उतरलो. तीनेक किलोमीटरात सोळा लॉक, प्रत्येकाशेजारी लॉकवाल्याचं छोटं घर. काही घरांत आता कुंभार आणि चित्रकार राहतात. एका घरापुढे भाजलेल्या वाट्या मांडल्या होत्या, मेहुण्याने दोन घेतल्या, त्या आल्या घरी अखंड.

राहिलेलं भराभर. ला कोलांसेलला कालवा डोंगरात घुसतो, तीन बोगदे: ७५८, २६८ आणि २१२ मीटर. त्यांच्या मधली खोल खोदलेली दरी वेलींनी आणि नेच्यांनी भरलेली आहे, वरून वाकून बघितली तर पाणी काळं दिसतं. बोगद्यातून सायकल नेता येत नाही, मार्ग डोंगरावरून छोट्या रस्त्याने जातो, म्हणजे माहितीपत्रकातलं 'पूर्ण वाहनमुक्त' इथेही पूर्ण नाही. बायच्या तलावाजवळ मात्र एका हाताला तलाव, दुसऱ्या हाताला कालवा, अशी वाट लागते आणि सगळं माफ होतं. पुढे शातियोंचा किल्ला, सेर्सी-ला-तूर, सपाट शेतं, गाई, पुन्हा गाई. सहाव्या दिवशी पाऊस लागला आणि बारीक खडीचा चिखल चेनमध्ये शिरून सायकल दिवसभर वाळू चावत राहिली. मडगार्ड नसलेल्या सायकली देणाऱ्यांचा अर्धा तारा इथे गेला. सातव्या दिवशी दुपारी दसीझला ल्वार नदी दिसली.

जाणाऱ्यांसाठी: बॅगा रोज वेळेवर पोचत होत्या, याबद्दल त्यांना मी मनापासून दोन दिले. सायकल घेताना सीलंट शेवटचं कधी भरलं ते विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजा. जादा ट्यूब बाहेर काढून वॉल रिमच्या भोकात घालून बघा, तिथल्या तिथे, त्या पोरासमोर. आणि पाटावर एक पूर्ण दिवस ठेवा. नकाशावर तो बारीक निळी रेघ दिसतो, कालव्याच्या भाड्याच्या पॅकेजात नसतो, कारण तिथे बॅगांची व्हॅन जाऊ शकत नाही.

दसीझ स्टेशनबाहेर दुकानाची व्हॅन उभी होती. माणसाने दोन्ही सायकली फिरवून पाहिल्या, रंग तपासला, माझ्या मागच्या टायरमध्ये ट्यूब आहे हे दाबून ओळखलं आणि भुवया वर केल्या. मेहुण्याने सीटखालच्या पिशवीतून ती जाड वॉलची ट्यूब काढली, तिच्यावरचं कागदी लेबलही तसंच होतं, आणि त्याच्या हातात ठेवून शुद्ध मराठीत म्हणाला, "ही तुमची. नवी कोरी आहे. आमच्या काही उपयोगी पडली नाही."